मोळीतले पाचट

गेल्या संक्रांतीस आमचा पुतण्या वाळूजहून जवळा बाजारास आला आणि तिळगूळ हातावर पडण्यापूर्वीच आम्हांस एक प्रश्न विचारून मोकळा झाला. छत्तीस वर्षे मास्तरकी करून दुसऱ्यांच्या परीक्षा घेण्याची आम्हांस सवय. आपली परीक्षा कोणी घ्यावी, तीही ज्याला आपण पाढे शिकविले त्याने, हे अद्याप आमच्या अंगवळणी पडलेले नाही. त्या प्रश्नाचे आम्ही त्या दिवशी दिलेले उत्तर खोटे होते, आणि खरे उत्तर सापडावयास आम्हांस पुरता एक महिना लागला. म्हणून ही हकीकत लिहावयास घेतली आहे.

पुतण्याच्या उद्योगाविषयी आधी दोन शब्द सांगितले पाहिजेत. १९८५ साली छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि वडाला पारंब्या फुटाव्यात तसे त्याच्या आसपास सुटे भाग करणारे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातील ज्या घरांतून दोन भावांना पुरेल इतकी जमीन नव्हती, त्या घरांतील मुलांनी ती वाट धरली. आमचा पुतण्या अशाच एका छोट्या कारखान्यात आहे. तेथे करंगळीएवढी एक पोलादी पिन तयार होते, आणि ती दुसऱ्या एका मोठ्या कारखान्याकडे जाते. पिनेची मापे तपासणे हे त्याचे एक काम. त्यांना पोलादी सळ्या पुरविणारे आणि पिना भट्टीत घालून कठीण करून देणारे जे आणखी लहान लोक आहेत, त्यांची पारख करणे हे दुसरे. म्हणजे सकाळी तो परीक्षक असतो आणि दुपारी परीक्षार्थी.

"काका, दर महिन्याला आम्हांला मार्क मिळतात," तो सांगत होता. माल ठरल्या दिवशी पोहोचला की नाही, दहा लाख नगांमागे किती नग परत आले, तक्रार गेल्यावर तिचे मूळ कारण किती दिवसांत सापडले, भाव परवडला की नाही, या सर्वांचे गुण मांडून त्यांची बेरीज होते आणि बेरजेवरून वर्ग ठरतो. तळच्या वर्गात गेलेल्यास नवे काम मिळत नाही. हे ऐकून आम्हांस शाळातपासणीची आठवण झाली आणि आम्ही हसलो. तपासनीस यावयाचा म्हणून आदल्या दिवशी भिंतींना चुना लावणारे मुख्याध्यापक आम्ही पाहिले आहेत. तेव्हा वाळूजलाही तसाच चुना लागत असणार, असे आम्ही त्याला म्हणालो.

तो म्हणाला, "लागतो. पण एकदा काय झालं ते ऐका."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या एका खेपेत काही पिनांच्या कडेला केसाएवढी धार राहून गेली. खेप परत आली. मालक हवालदिल झाला, कारण त्याचे निम्मे पोट त्या एकाच गिऱ्हाइकावर. तिसऱ्या दिवशी मोठ्या कारखान्याचा एक माणूस आला. सर्वांना वाटले, आता हा कागद पुढे टाकणार. त्याने कागद पुढे टाकला नाही; बाही वर केली आणि तो लेथपाशी उभा राहिला. तीन दिवस उभा राहिला. हत्याराची धार किती नगांनंतर बोथट होते हे त्याने मोजून काढले, ते हत्यार केव्हा बदलावयाचे याची पाटी यंत्रावर लावली, आणि पिन धरणाऱ्या पकडीत सुताएवढी जी हालचाल होती ती काढून टाकावयास लावली. पुढील सहा महिन्यांत एकही खेप परत आली नाही. "त्यानं मार्क कमीच दिले हो," पुतण्या म्हणाला, "पण मार्क कसे वाढवायचे तेही शिकवून गेला."

वाळूज म्हणजे रामराज्य नव्हे, हेही त्याने लपविले नाही. दर वर्षी भाव थोडा उतरवून द्या असा आग्रह असतोच. आणि लहान उद्योगाचे पैसे पंचेचाळीस दिवसांत चुकते करावेत असा २००६ चा कायदा असूनही कित्येकदा तो कायदा आणि पैसे हे दोन्ही वाटेतच कोठेतरी मुक्काम करतात. असो. तिळगूळ घेता घेता त्याने विचारले ते असे: "काका, तुम्हीही सप्लायरच की! तुमच्या उसाला मार्क कोण देतं?"

आम्ही ऐटीत उत्तर दिले, "आपल्या उसात नापास होण्यासारखं काही नसतंच मुळी."

आमचे धाकटे बंधू, म्हणजे त्याचे वडील, शेजारीच बसले होते. त्यांनी आमच्याकडे एकवार पाहिले आणि मान खाली घालून गुळाची वडी फोडावयास घेतली.

पूर्णेवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे झाली, कालव्याचे पाणी या भागात आले, आणि पाण्यामागोमाग ऊस आला. आमच्या लहानपणी येथील काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस हीच मुख्य पिके. आता जवळा बाजार ते वसमत या पट्ट्यात हिवाळ्यात हिंडावे तर एका अंगास ऊस आणि दुसऱ्या अंगास हळद. हळदीची गोष्ट निराळी. तिला २०२४ साली वसमतच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. ती बाजारात जाते, व्यापारी कांडी हातात घेतो, मोडून आतला रंग पाहतो, नाकापाशी नेतो, आणि ज्याच्या त्याच्या मालाला ज्याचा त्याचा भाव बोलतो. त्या बोलण्यात लबाडी असेल, पण निदान तुमचा ढीग आणि शेजाऱ्याचा ढीग हे दोन ढीग आहेत एवढे तरी त्यास मान्य असते.

उसाचे तसे नाही. लागणीनंतर आपण कारखान्याकडे नोंद देतो: कोणती जात, किती क्षेत्र, कोणती तारीख. त्या तारखेच्या क्रमाने तोड यावी असा नियम. टोळी येते, ऊस तुटतो, मोळ्या बांधल्या जातात, ट्रॉली काट्यावर जाते आणि वजनाची पावती मिळते. येथे आपला आणि आपल्या उसाचा संबंध संपला. गव्हाणीत पडल्यावर आमचा ऊस कोणता आणि शेजाऱ्याचा कोणता हे ब्रह्मदेवासही सांगता येणार नाही. शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, यास उतारा म्हणतात. आणि सरकारचा रास्त व किफायतशीर दर या उताऱ्यास बांधलेला आहे. २०२५-२६ च्या हंगामास तो १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला आणि त्यावर उताऱ्याच्या प्रत्येक दशांशास ३ रुपये ४६ पैसे. पण हा उतारा तुमचा किंवा आमचा नव्हे, साऱ्या कारखान्याचा. त्यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो आणि सर्वांना एकच दर मिळतो.

आम्ही जन्मभर वर्गात उभे राहिलो, म्हणून आम्हांस हे असे दिसते: चाळीस मुलांचे पेपर तपासावेत, सर्वांच्या गुणांची सरासरी काढावी, आणि तीच प्रत्येकाच्या प्रगतिपुस्तकात लिहून टाकावी. पहिल्या वर्षी हुशार मुलगा रडेल. दुसऱ्या वर्षी तो अभ्यास सोडील. तिसऱ्या वर्षी तो शाईने वह्या जाड करील, कारण गुरुजी वह्यांचे वजन तेवढे करतात असा बोभाटा तोपर्यंत झालेला असेल.

हे अतिशयोक्तीचे वाटेल, म्हणून उसाच्या जातींचाच इतिहास पाहावा. १९३२ साली स्थापन झालेल्या पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचे महाराष्ट्रावर मोठे ऋण आहे. १९९६ पासून को ८६०३२ ही जात आपल्याकडे रुजली. ती साखरेला चांगली आणि खोडव्यालाही चांगली. पुढे २००७ साली पाडेगावने कोएम ०२६५ दिली. ही जोमदार, चोपण जमिनीतही तग धरणारी, आणि वजनास भारी. मात्र पक्व व्हावयास वेळ घेणारी. शेतकऱ्यांनी तिला डोक्यावर घेतले आणि काही कारखान्यांनी कपाळास आठ्या घालून तिची नोंद घेण्यास नाखुशी दाखविली. पूर्ण वाढू देऊन तोडल्यास तिच्या साखरेविषयी तक्रार राहत नाही असे जाणकार म्हणत. पण थांबतो कोण? वजनाला पैसा देणारा गिऱ्हाईक आणि साखर हवी असलेला गिऱ्हाईक हा एकच, आणि त्याने मागितले एक व तोलले दुसरे. मग शेतकऱ्याने तोलण्यासारखे तेच पिकविले, यात त्याचा दोष किती?

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडकडे शेतकऱ्याच्या प्रत्येक खेपेचा रस स्वतंत्र तपासतात आणि त्यातील साखरेवर ज्याचे त्यास दाम देतात. आमच्याकडे एकेका कारखान्यास हजारो माणसे ऊस घालतात, कोणाचा एक एकर, कोणाचा अर्धा. तेथे हे जमावे कसे, असे म्हणतात. म्हणणे खोटे नाही. परंतु याच जवळ्यात रोज पहाटे किटली घेऊन डेअरीवर गेलेल्या बाईच्या दोन लिटर दुधाचे फॅट आणि एसएनएफ जागच्या जागी निघते, गाईच्या दुधास ३.५ आणि ८.५ हा कस सर्वांना तोंडपाठ असतो, आणि पाणी घातलेले दूध तिथल्या तिथे लाजते. दोन लिटर दुधास जे साधते ते दहा टन उसास साधू नये याचे आम्हांस राहून राहून नवल वाटते.

आता आमच्या खोट्या उत्तराकडे येतो.

तीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागात ऊसविकासाचे काम पाहणारे एक गृहस्थ होते. गाव त्यांना ओव्हरशेर म्हणे. लुनावरून यावयाचे, धोतराचा सोगा वर खोचून सरीत उतरावयाचे, आणि शिवारातील प्रत्येक शेतकऱ्याच्या उसाची कुंडली त्यांच्या एका तेलकट वहीत असावयाची. बेणे नऊ-दहा महिन्यांचे घ्या, दोन डोळ्यांची टिपरी तोडा, दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला, खोडव्यात पाचट जाळू नका, सरीत पसरून कुजवा, हे सर्व आमच्या घराने त्यांच्याकडून शिकले. मांजरीस १९७५ साली साखरधंद्याची जी संस्था निघाली आणि जी आज वसंतदादांच्या नावाने ओळखली जाते, तेथून मूलभूत बेणे आणून ते पायाभूत आणि मग प्रमाणित कसे करतात, हे त्यांनी आमच्या बांधावर बसून समजावले होते. आमच्या पुतण्याच्या गोष्टीतील तो बाही वर करणारा माणूस आणि हे सोगा खोचणारे ओव्हरशेर हे एकाच गोत्रातले, असे आम्हांस त्या संक्रांतीच्या रात्री वाटले.

एकदा त्यांनी आमच्या ट्रॉलीवरची एक मोळी खाली ओढली आणि विळ्याने तिचा बंद तोडला. आत वाढे, वाळले पाचट आणि मातीची ढेकळे निघाली. ऊस एका बाजूस, बाकी सर्व दुसऱ्या बाजूस, असे त्यांनी मांडले आणि खिशातला ताणकाटा काढून दोहोंचे वजन केले. किती भरले ते आज आठवत नाही. त्यांचे बोलणे तेवढे आठवते. "गुरुजी, तुम्ही म्हणाल, एवढं पाचट गेलं तर कारखान्याचं काय बुडालं? ते नुसतं फुकट जात नाही. ते चरकात रस पितं आणि चिपाडाबरोबर साखर घेऊन जातं. आणि कारखान्याचं म्हणजे कुणाचं? सभासद तुम्हीच ना?"

ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी बरीच वर्षे कोणी आले नाही. पुढे जे आले ते तोडीच्या चिठ्ठ्या देण्यापुरते. चिठ्ठी देणाऱ्यास सलाम करावा लागतो, त्याच्याकडून शिकता येत नाही. हळूहळू आमच्या घरातून बेणेबदल गेला, आणि मोळी सोडून पाहणारे कोणी नाही हे टोळीच्या लक्षात येण्याआधी ते आमच्या लक्षात आले.

२०२१-२२ चा हंगाम मराठवाड्यातील ऊसकरी विसरणार नाहीत. पाऊस चांगला, ऊस उदंड, आणि तोडणारे हात अपुरे. मे महिना उलटून गेला तरी शिवारात ऊस उभा. आमची नोंद नीट तारखेची होती. पण तारखेच्या पुढे ओळख धावते हे त्या वर्षी कळले. पलीकडच्या बांधावरचा, आमच्यानंतर दोन महिन्यांनी लावलेला ऊस फेब्रुवारीत गेला. आम्ही चिठ्ठीसाठी कार्यालयात गेलो तेव्हा तेथील बाबूने आमच्याकडे मान वर करून पाहिलेही नाही. कोणत्या कार्यालयात, ते सांगण्याने आता काही निष्पन्न होणार नाही. उसाला तुरा आला, आतून तो पोकळ होऊ लागला, उन्हाने वजन उतरू लागले. शेवटी मेमध्ये टोळी आली ती खुशाली मागत आली. ज्या शब्दाचा अर्थ आनंद, तो रोख पैशास वापरण्याची ही चाल कोणी काढली न कळे. बंधूंनी खुशाली दिली. टोळीच्या मुकादमाने मोळ्या कशाही बांधल्या. वाढे, पाचट, तण, सर्व आत. आम्ही दोघे भाऊ बांधावर उभे राहून पाहत होतो. त्या वेळी एका शब्दाने त्यास अडविणे शक्य होते. आम्ही अडविले नाही. आमच्या मनात जे आले ते येथे लिहावयास लाज वाटते, तरी लिहितो: उसाचे वजन उन्हाने खाल्ले, ते पाचटाने भरून निघते आहे तर निघू दे.

आणि त्याच्या पुढल्या वर्षी वेळेवर तोड आली, खुशाली द्यावी लागली नाही, ऊस ताजा होता, तरीही आम्ही अडविले नाही. रागाने लागलेली सवय राग गेल्यावरही जात नाही.

खाजगी कारखान्यास माल देणारा म्हणू शकतो की, तो निराळा आणि आम्ही निराळे. त्याने आम्हांस फसविले तर आम्ही त्यास फसवू. आमच्याकडील सहकारी कारखान्यांची मांडणी मुळात तशी नव्हती. १९५० साली प्रवरेकाठी लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने जो कारखाना उभा राहिला, त्याची सारी खुबी हीच की, ऊस घालणारा तोच मालक. गिऱ्हाईक आणि पुरवठादार एकाच धोतरात! अशा ठिकाणी पुरवठादाराची परीक्षा घेणे म्हणजे मालकाची परीक्षा घेणे, आणि मालकाला नापास करणारा नोकर दुर्मीळ. शिवाय मालक मत देतो. आम्ही आजवर मत देताना आपली तोड कोण लवकर आणील एवढेच पाहिले. उतारा कोण वाढवील हे एकदाही विचारले नाही. पुढे १९९७ साली झोनबंदी उठली आणि ऊस हव्या त्या कारखान्यास घालता येऊ लागला. शेतकऱ्यास मोकळीक मिळाली, ती मिळावयासच हवी होती. पण मी बेणे द्यावे, मी शिकवावे, आणि ऊस मात्र शेजारच्या कारखान्याने पळवावा, असे म्हणून शिकविण्यातून अंग काढून घ्यावयास ज्यांना निमित्त हवे होते, त्यांना तेही मिळाले.

पुतण्याने आम्हांस जपानची एक गोष्ट सांगितली, ती पुढे आम्ही पडताळून पाहिली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी करिया गावी आयसिन कंपनीचा कारखाना जळाला. टोयोटाच्या मोटारींच्या ब्रेकमधील एक छोटी झडप जवळजवळ सगळी तेथेच होत असे, आणि टोयोटाची रीतच अशी की सुटे भाग साठवावयाचे नाहीत. मोटारींचे कारखाने थांबले. तेव्हा आसपासच्या अनेक कारखान्यांनी, त्यात शिवणयंत्रे करणारी ब्रदर कंपनीही होती, आपापल्या यंत्रांवर ती झडप करावयास घेतली, आणि आठवड्याच्या आत मोटारी पुन्हा निघू लागल्या. कागदाचे करार नंतर, पैशाची बोलणी नंतर. टोयोटाच्या पुरवठादारांचा संघ १९४३ पासूनचा. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एकमेकांच्या यंत्रापाशी उभे राहिलेली ती माणसे होती. आमच्या शेजारी कोणा ऊसकऱ्याची ट्रॉली उलटली तर काय होते ते आम्हांस ठाऊक आहे. मागच्या ट्रॉलीचा नंबर पुढे येतो.

घरातही हे शास्त्र चालतेच. आमच्या सौभाग्यवतींचा भय्या, म्हणजे दूधवाला, मागे पातळ दूध घालू लागला. साय धरेना. आम्ही म्हणालो, बदला त्याला. तिने बदलले नाही. त्याच्या गोठ्यात जाऊन आली आणि कळले की, म्हैस आजारी आणि डॉक्टरास द्यावयास पैसे नाहीत. तिने दोन महिन्यांचे दूध आगाऊ विकत घेतले. साय परत आली. या कारभारास वाळूजला काय नाव आहे ते पुतण्याने सांगितले, पण ते इंग्रजी असल्याने आम्ही विसरलो.

फेब्रुवारीत पुतण्या पुन्हा आला तो खिशात एक दुर्बिणीसारखी नळी घेऊन. तिला रिफ्रॅक्टोमीटर म्हणतात. उसाच्या रसाचा थेंब काचेवर टाकून उजेडाकडे धरावी, म्हणजे ब्रिक्सचा आकडा दिसतो. बंधू म्हणाले, हा खेळ कारखान्याच्या माणसांनी खेळावा. तरी ते मागून आले. खालच्या पेऱ्यात आणि वरच्या पेऱ्यात आकडा जवळजवळ सारखा आला म्हणजे ऊस पक्व. विहिरीकडचा ८६०३२ चा खोडवा पाहिला, तो वरखाली एकसारखा भरला होता. कालव्याकडचा २६५ पाहिला, तेथे बुडखा एकवीस आणि शेंडा चौदा. बंधूंनी नळी हातात घेतली, पुसली, पुन्हा पाहिले. मग स्वतः आणखी पाच उसांचा रस काढून पाहिला. बोलले काहीच नाहीत. दोन दिवसांनी टोळी यावयाची होती, आणि चिठ्ठी होती ती कालव्याकडच्या तुकड्याची.

त्या रात्री घरात बरीच चर्चा झाली. थांबावे तर चिठ्ठी जाईल आणि पुन्हा कधी येईल त्याचा भरवसा नाही. अखेर बंधूंनीच फोन करून तोड विहिरीकडच्या तुकड्यावर फिरवून घेतली, कालव्याकडचा ऊस महिनाभर पुढे ढकलला. त्यासाठी त्यांना कोणाकोणाची मनधरणी करावी लागली ते त्यांनी आम्हांस सांगितले नाही.

टोळी आली. आम्ही मुकादमास म्हणालो, "या वेळी पाचट काढून मोळी बांधायची. वाढं वेगळं."

तो आमच्याकडे पाहतच राहिला. "गुरुजी, आमाला टनावर पैसे. पाचट सोलत बसलं तर दिवसाला निम्मा ऊस पडल. त्याचं कोन देतंय?"

यात त्याची काय चूक? २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ झाली खरी, पण ती वाढही टनावरच. शेतकऱ्यास टनावर, तोडणाऱ्यास टनावर, वाहणाऱ्यास टनावर. साखर पाहिजे ती फक्त कारखान्यास, आणि तीही तो कोणास सांगत नाही. पहाटेच्या थंडीत तान्हे मूल सरीत निजवून कोयता चालविणाऱ्या बाईस आम्ही उताऱ्याचे व्याख्यान द्यावयाचे होते की काय? बंधूंनी पुढे होऊन टनामागे काही रक्कम आपल्या खिशातून कबूल केली. मुकादमाने ती ऐकून सहज विचारले, "ही खुशाली म्हनायची का?"

"नाही," बंधू म्हणाले. "ही मजुरी."

पहिले दोन तास आम्ही स्वतः मोळ्या पाहिल्या. नंतर पाहण्याची गरज राहिली नाही. त्या बायकांचे हात आमच्या डोळ्यांपेक्षा चलाख होते. वाढे गुरांसाठी निराळे पडत होते, पाचट सरीत पसरत होते. तेथेच ते कुजावयाचे. तेलकट वहीचे ते गृहस्थ आज असते तर त्यांनी एक मोळी खाली ओढलीच असती, आणि आम्ही त्यांना ती खुशाल ओढू दिली असती.

संध्याकाळी वजनाचा संदेश बंधूंच्या फोनवर आला. चष्मा घरी राहिल्यामुळे त्यांनी फोन आमच्या हाती दिला. त्याच तुकड्याची गेल्या वर्षीची पावती त्यांनी जपून ठेवली होती. तीही पुढे केली.

"घटलं?" त्यांनी विचारले.

"घटलं. चार टनांच्या वर घटलं."

ते पावतीची घडी घालीत थोडा वेळ बसले. सर्वांना मिळणारा दर आम्हांसही मिळणार होता. चार टनांचे पैसे गेले ते गेले, आणि वर मजुरीचे द्यावयाचे ते निराळेच. पुतण्या काहीतरी बोलणार होता, पण बंधूंनी हाताने त्यास थांबविले.

"कालव्याकडच्या तुकड्याला ती नळी पंधरा दिवसांनी पुन्हा लावून बघायची," ते म्हणाले. "ती इथंच ठेवून जा." मग बॅटरी घेऊन ते पाणी फिरवावयास निघून गेले.